वर्षाचा पास घ्यायचा की नाही: आधी कालनिर्णय उघडा

आमच्या फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. डिसेंबरात पुण्याहून कोणीतरी येतं आणि बॅगेत वाकवून आणून देतं, म्हणून जानेवारीचं पान कायम थोडं चुरगळलेलं. इथे कॅलिफोर्नियात त्यातली चतुर्थी कधी कधी एक दिवस आधीच येते, तो घोळ वेगळा. पण गेल्या वर्षीपासून या कॅलेंडरचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो थीम पार्कचा पास ठरवायला.

मी इर्व्हाइनला राहते. इथून दोन तासांच्या आत डिस्नीलँड, नॉट्स बेरी फार्म, युनिव्हर्सल, सिक्स फ्लॅग्ज, लेगोलँड, सीवर्ल्ड असं सगळं आहे. पोरांच्या वर्गात कोणाचा ना कोणाचा पास असतोच, आणि दर सोमवारी घरी विषय निघतो. आम्हीही तीन वर्षं एका पार्कचा पास घेतला. कुठल्या, ते सांगत नाही, कारण मला कोणाशी भांडण उकरून काढायचं नाही. पहिल्या वर्षी माणशी १८९ डॉलर, पार्किंग त्यातच. दुसऱ्या वर्षी २१९. तिसऱ्या वर्षी २७९, पार्किंग वेगळं, आणि उन्हाळ्यातले रविवार बंद. नूतनीकरणाच्या ईमेलमध्ये वर मोठ्या अक्षरांत 'तुमच्यासाठी आणखी मजा' आणि खाली बारीक अक्षरांत हे सगळं. मी फक्त वरचं वाचलं.

त्याचं प्रायश्चित्त जुलैमध्ये मिळालं. आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांची तिकिटं ऑनलाइन काढली, आमचे पास होतेच. आईने सकाळी उठून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी घेतली, बाबांनी टोपी शोधली, आणि रविवारी साडेनऊला आम्ही फाटकावर. आई-बाबांची तिकिटं हिरवी झाली, ते आत गेले. आमचा पास स्कॅन केला की यंत्र एक रडका आवाज काढी. चार वेळा काढला. फाटकावरची पोरगी फार तर एकोणीस वर्षांची असेल, ती बिचारी हळूच म्हणाली, आज तुमच्या पासला बंदी आहे. आई लोखंडी दांड्याच्या पलीकडे डबा पोटाशी धरून उभी, आम्ही अलीकडे. शेवटी आम्ही चौघांनी त्या दिवसाची तिकिटं विकत घेतली. पास असलेल्या पार्कची.

संध्याकाळी गाडीत बाबांनी विचारलं, "वर्षाचा पास म्हणालीस ना?" मग स्वतःच म्हणाले, "आपल्या एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना बघ. चार दिवस तर चार दिवस, सात तर सात. त्यात आज नाही, उद्या या, असं कंडक्टर म्हणत नाही." नवरा म्हणाला, "बाबा, ही 'त्यांना आवडेल तेव्हा प्रवास' योजना आहे." तेव्हापासून आमच्या घरात पासचं नाव तेच.

त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब मांडायला बसले. तो कसा मांडायचा, ते सांगते.

आधी दिवस मोजा, पैसे नंतर

पार्कच्या साइटवर पासच्या प्रत्येक प्रकाराचं बंदीच्या दिवसांचं कॅलेंडर असतं. विकत घेण्याच्या पानावर ते सहसा एका छोट्या दुव्यामागे लपलेलं असतं, ते शोधा. फोनवर बघून 'ठीक आहे' म्हणू नका. कागदावर उतरवा. मी कालनिर्णय टेबलावर आडवं घातलं, लाल स्केचपेन घेतलं आणि महिन्यामागून महिना बंदीच्या दिवसांवर फुल्या मारत गेले. आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर धरून चालू नका, माझी चूक तीच झाली होती.

आता तुमचं स्वतःचं आयुष्य त्यावर चढवा. इथे शाळेचे दिवस साधारण १८० असतात. शाळा सुटल्यावर पाच वाजता फ्रीवेवर चढून पार्कला जाणारे लोक आहेत, मी त्यांना नमस्कार करते, पण आम्ही त्यातले नव्हे. म्हणून उरले १८५. त्यातले ६२ दिवस पार्कने बंद केलेले: उन्हाळ्यातले रविवार, काही शनिवार, स्प्रिंग ब्रेक, थँक्सगिव्हिंगचा आठवडा, नाताळ ते नववर्ष. उरले १२३. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं मोकळी, पण आम्ही दोघं ऑफिसात, ते ४८ गेले. उरले ७५. रविवारी मराठी शाळा, तिचे २८. उरले ४७. मंडळाचा गणपती, दिवाळीचा कार्यक्रम, लेकीच्या पोहण्याच्या स्पर्धा, वर्गातले वाढदिवस मिळून १६. उरले ३१.

वर्षाच्या पासचे एकतीस दिवस. त्यातही कोणाला ताप येणार, सप्टेंबरात ऊन शंभर फॅरनहाइटच्या वर जाणार, फेब्रुवारीत पाऊस पडणार. लेक शेजारी बसून फुल्या मोजत होती. ती म्हणाली, "आई, हा तर महिन्याचा पास आहे."

हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते केल्याशिवाय किमतीकडे बघूच नका, कारण किंमत बघितली की मेंदू लगेच 'दोन फेऱ्यांत वसूल' म्हणायला लागतो.

'दोन फेऱ्यांत वसूल' हा हिशेब कुठे चुकतो

आमचे आकडे देते. पहिल्या वर्षी चार पास ७५६ डॉलर, आम्ही १४ वेळा गेलो. म्हणजे अख्ख्या कुटुंबाची एक फेरी ५४ डॉलरला. उत्तम, त्या वर्षाबद्दल माझी काही तक्रार नाही. तिसऱ्या वर्षी पास १,११६, दर फेरीला पार्किंग ३०, आणि आमच्या फेऱ्या सात. एकूण १,३२६, म्हणजे फेरी साधारण १८९ ला पडली. (जुलैचा तो रविवार यात धरलेला नाही, तो आठवला की मला अजून वाईट वाटतं.)

पासच्या बाजूने बोलणारे इथे म्हणतात, अहो, पण एका दिवसाची तिकिटं ७५ च्या दराने चौघांची ३००, वर पार्किंग. तुम्ही सात वेळा गेलात म्हणजे हजार वाचले! हाच तो सापळा. पास नसता तर आम्ही सात वेळा गेलोच नसतो. दोनदा गेलो असतो, एकदा आई-बाबांना घेऊन आणि एकदा धाकट्याच्या वाढदिवसाला. त्या दोन फेऱ्यांचे पार्किंगसह ६६० झाले असते.

त्यात खाणं धरा. प्रत्येक फेरीला आमचे किमान ६० डॉलर जायचे, कारण पास आहे म्हटल्यावर 'आज तिकीट कुठे काढलंय' असं म्हणून चुरोस घेतले जातात. सात फेऱ्यांचे ४२०, दोनचे १२०. आता तुलना बघा: पासवर १,७४६, पासशिवाय ७८०. फरक ९६६ डॉलर. त्या बदल्यात आम्हाला पाच जादा फेऱ्या मिळाल्या, त्यातल्या दोन फेऱ्यांत आम्ही दुपारी दोनला कंटाळून परत आलो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: पास नसता तर या वर्षी आपण किती वेळा गेलो असतो? खरं उत्तर द्या. बाकी गणित त्यानंतर.

सर्वांत स्वस्त पासच सर्वांत जास्त वाढतो

हे मला डिस्नीलँडचे दर मांडताना दिसलं. त्यांनी जुनी पास योजना जानेवारी २०२१ मध्ये बंद केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये 'मॅजिक की' आणली. चार प्रकार होते: ड्रीम १,३९९ डॉलर, बिलिव्ह ९४९, एन्चांट ६४९ आणि फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी इमॅजिन ३९९. पुढच्या वर्षी ड्रीम गेला आणि त्या जागी इन्स्पायर १,५९९ ला आला. या सर्वांत महागड्या पासलाही नाताळ ते नववर्षाचे दिवस बंद. ऑक्टोबर २०२४ मध्ये दर झाले इन्स्पायर १,७४९, बिलिव्ह १,३७४, एन्चांट ९७४, इमॅजिन ५९९.

टक्केवारी काढा. वरचा पास तीन वर्षांत २५ टक्क्यांनी वाढला. खालचे दोन ५० टक्क्यांनी. ज्यांचं बजेट आधीच ताणलेलं, त्यांच्यावर वाढ दुप्पट. आणि त्या स्वस्त पासचे शनिवार-रविवार आणि उन्हाळा बराचसा बंदच. म्हणून 'सध्या खालचा घेऊ, परवडतो' असं म्हणताना दोन गोष्टी बघा, तो दर वर्षी किती वाढतोय आणि त्याला किती रविवार आहेत.

आणखी एक: तिथे तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीटच लागत नाही, पण तीन पूर्ण झाल्यावर मॅजिक कीला मुलांचा वेगळा दर नाही. तीन वर्षांचं पोर आणि सहा फुटी बाप, दोघांना सारखेच पैसे. धाकटा अडीच वर्षांचा असेल तर घाई करू नका, फुकटचे सहा महिने वापरून घ्या.

दरवाढीची वेळही ठरलेली दिसते. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं डिस्नीलँडने ऑक्टोबरातच पासचे दर वाढवले. घ्यायचाच असेल तर नवरात्राआधी ठरवा. इतर काही पार्कांचं उलटं आहे: नॉट्ससारखी पार्कं पुढच्या वर्षाचे पास शरद ऋतूतच विकायला काढतात आणि त्यावर चालू वर्षाचे उरलेले दिवसही मिळतात. तिथे जानेवारीपर्यंत थांबण्यात तोटा.

'बंदीचा दिवस नाही' म्हणजे 'जाता येईल' असं नाही

हे नीट समजून घ्या. मॅजिक की आली तेव्हा नुसता पास पुरेसा नव्हता, जायच्या दिवसाचं आरक्षण आधी करावं लागे. एका वेळी हातात किती आरक्षणं ठेवता येतील त्यालाही मर्यादा, सर्वांत स्वस्त पासला फक्त दोन. आरक्षण करून गेला नाहीत आणि आदल्या दिवशी रद्दही केलं नाहीत, असं ९० दिवसांत तीनदा झालं तर ३० दिवस नवीन आरक्षण बंद.

ड्रीम की 'बंदीचा एकही दिवस नाही' असं सांगून विकली गेली होती. पण आरक्षणाचे दिवस भरले की तीच गत. त्यावरून एका पासधारक बाईंनी २०२१ च्या नोव्हेंबरात दावा केला, आणि कंपनीने पुढे ९५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. माणशी वाटणी मात्र साधारण ६७ डॉलर. एवढ्या महागड्या पासवर!

म्हणून घेण्याआधी एक चाचणी करा. तुमच्या उरलेल्या दिवसांतले पुढच्या सहा आठवड्यांतले शनिवार निवडा आणि आरक्षणाच्या कॅलेंडरवर जागा आहे का बघा. बहुतेक ठिकाणी पास नसतानाही ते कॅलेंडर उघडता येतं. सहापैकी दोन मिळत असतील तर तुमच्या ३१ चे १० करा आणि पुन्हा विचार करा.

पार्कवाले हे का करतात, याचं उत्तर त्यांच्याच कागदात आहे. ऑगस्ट २०२२ च्या तिमाही निकालात डिस्नीने डिस्नीलँडबद्दल 'अनफेव्हरेबल अटेंडन्स मिक्स' असा शब्द वापरला. म्हणजे गर्दी आहे, पण आम्हाला हवी तशी नाही. पासवाले जास्त येतात आणि लांबून आलेल्या पाहुण्यांइतका खर्च करत नाहीत. पासवाल्यांनी लगेच 'अनफेव्हरेबल' लिहिलेले टीशर्ट छापले. मला आपली म्हण आठवली, नावडतीचं मीठ अळणी. धंदा म्हणून मला त्यांचं गणित कळतं. पण मग आम्हाला 'परिवारातले' म्हणू नये, एवढंच.

घ्यायचाच असेल तर

सगळ्यांचा एकच पास घ्यायची गरज नाही. आमच्या मंडळातल्या एका घरी फक्त आई आणि दोन मुलांचे पास आहेत. बाबा वर्षातून एकदा तिकीट काढून जातात आणि तेवढंच त्यांना झेपतं. दुसऱ्या एका घरी एक वर्षाआड घेतात: एक वर्ष पास, एक वर्ष सुट्टी. मुलांना त्याची सवय होते, आणि पार्कात तोवर काहीतरी नवीन आलेलं असतं.

पार्किंग पासमध्ये आहे का, पूर्ण की अर्धं, हे दराच्या शेजारीच लिहून ठेवा. डिस्नीलँडमध्ये इन्स्पायरला पार्किंग फुकट आणि बिलिव्हला अर्ध्या दरात, म्हणजे वारंवार जाणाऱ्याला दोन पासांमधला फरक पार्किंगच भरून काढू शकतं. एका गाडीला एकच पार्किंग लागतं, त्यामुळे वरचा पास घरातल्या गाडी चालवणाऱ्या एकाच माणसाला घेतला आणि बाकीच्यांना खालचा, असंही करता येतं. अट एवढीच, त्या माणसाने दर वेळी यायला हवं.

डबा न्या. डिस्नीलँडसह काही पार्कांत घरचं खाणं चालतं, काचेची बाटली किंवा भांडं तेवढं नको. धपाटे आठ तास मजेत टिकतात. आईने त्या रविवारी ते बाकावर बसून वाटले, तेव्हा शेजारच्या मेक्सिकन आजीने एक मागून घेतला आणि आम्हाला मीठ-मिरची लावलेला आंबा दिला. त्या दिवसातला तेवढाच चांगला भाग.

दर महिन्याला हप्ता कापून घेणारी योजना घेतलीत तर दोन प्रश्न विचारा: बारा हप्त्यांनंतर ती आपोआप थांबते की चालूच राहते? मध्येच सोडली तर उरलेले हप्ते द्यावे लागतात का? बहुतेक वेळा दुसऱ्याचं उत्तर 'हो' असतं. मासिक रक्कम छोटी दिसते म्हणून ती सबस्क्रिप्शनसारखी वाटते, प्रत्यक्षात ते वर्षभराचं कर्ज असतं.

तक्रार करायची तर

फाटकावरच्या मुलांवर ओरडू नका. दर त्यांनी ठरवलेले नसतात आणि दिवसभर उन्हात उभं राहून त्यांना तेच ऐकावं लागतं. ईमेल लिहा, आणि लांबड लावू नका. पास कधी घेतला, तेव्हा काय मिळेल असं लिहिलं होतं, आता काय मिळतं, आणि मला नेमकं काय हवंय. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. 'तुम्ही लुटता' याला उत्तर नसतं, 'मला त्या रविवारच्या चार तिकिटांचे पैसे पुढच्या नूतनीकरणात वळते करून हवेत' याला असतं. मला नऊ दिवसांनी उत्तर आलं, छापील होतं. मी त्यालाच पुन्हा उत्तर दिलं, फाटकावरच्या पावतीचा फोटो लावला. मग दोन पाहुण्यांची तिकिटं मिळाली, जी उन्हाळ्यात चालणार नव्हती. ती ऑक्टोबरात एका मैत्रिणीला दिली.

आपोआप होणारं नूतनीकरण मी त्याच आठवड्यात बंद केलं. कॅलिफोर्नियात कायदा असा आहे की ऑनलाइन घेतलेलं असं सभासदत्व ऑनलाइनच रद्द करता आलं पाहिजे, आणि जुलै २०२५ पासून तो आणखी कडक झालाय. तरी रद्द केल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि ईमेल आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

पास सोडल्यावर रविवारी करायचं काय, हा पोरांचा प्रश्न रास्त होता. इथल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकासारखा स्टेट पार्कचा पार्किंग पास घरी नेता येतो. तो घेऊन आम्ही टेकड्या आणि समुद्र केले, फुकटात. कोणकोणत्या पार्कांत तो चालतो त्याची यादी आधी बघून घ्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया सायन्स सेंटरचा सर्वसाधारण प्रवेश विनामूल्य आहे. आणि एखाद्या विज्ञान संग्रहालयाचं सभासदत्व घेणार असाल तर ते एएसटीसी या विज्ञान केंद्रांच्या संघटनेच्या पासपोर्ट योजनेत आहे का विचारा. असेल तर नव्वद मैलांपलीकडच्या योजनेतल्या संग्रहालयांतही प्रवेश मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सहलीत आमचा तो कामाला आला.

आमची जुनी नूतनीकरणाची तारीख ९ सप्टेंबर. यंदाच्या कालनिर्णयवर मी १० ऑगस्टला निळ्या पेनने 'मोजा' असं लिहून ठेवलंय, खाली लेकीने स्वतःच्या अक्षरात '३१ पेक्षा जास्त असतील तरच' असं जोडलंय. धाकट्याने ते खोडायचा प्रयत्न केला आहे.